सवतीच्या नावावरचा कान

माझ्या भावोजींचा वाढदिवस वर्षातून किमान तीसदा यायचा. कधी चपलांचं दुकान शुभेच्छा पाठवायचं, कधी चष्म्यांचं, कधी एखादं वर्तमानपत्र. इंटरनेटवर कुणीही जन्मतारीख विचारली की भावोजी खोटी सांगायचे, आणि प्रत्येकाला वेगळी. नाव वेगळं, पत्ता वेगळा. आपले तुकडे दहा ठिकाणी गेले तरी चालतील, पण ते कुणाला जुळवता येऊ नयेत, हे त्यांचं तत्त्व. कुणाला काय सांगितलं ते लक्षात राहावं म्हणून त्यांनी एक दोनशेपानी वही ठेवली होती. आम्ही तिला खोट्यांची वही म्हणायचो.

गंमत अशी, की समोरासमोर या माणसाला खोटं बोलताच येत नाही. माझे नवे पडदे कसे आहेत असं मी एकदा हौसेने विचारलं, तर म्हणाले, "दवाखान्यासारखे." असं खरं बोलण्यापायी त्यांनी दोन मित्र आणि एक बढती घालवली. खोटं बोलायचं ते फक्त यंत्राशी, कारण यंत्र विचारतं तेव्हा त्याच्यामागून कोण विचारतंय ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका तंत्रशाळेच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. तळघरातली खोली, बत्तीस संगणक आणि एकच खिडकी, तीही सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी. प्राचार्यांनी कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा यांनी एका सुट्टीत बत्तीसच्या बत्तीस यंत्रांवर कुणालाही आतून बघता-बदलता येणारं खुलं सॉफ्टवेअर चढवलं आणि सुट्टी संपल्यावर निरागस चेहऱ्याने दार उघडलं. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी ते संगणक चालू करायला शिकवत नसत, स्क्रूड्रायव्हर देऊन उघडायला लावत. "ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हे," असं सांगत. "आपण तिचे भाडेकरू. मालक म्हणेल तेव्हा बाहेर." त्यांच्या आईच्या शिवणयंत्राबरोबर एक पुस्तिका आली होती म्हणे, तिच्यात एकूण एक स्क्रूचं चित्र होतं. ते शिवणयंत्र पन्नास वर्षं चाललं. हा दाखला मी किमान पन्नासदा ऐकलाय.

मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे आणि तोंडाची फटकळ आहे. मेहुणीचा हक्क मी पुरेपूर वापरते.

"भावोजी, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही," मी म्हणायचे.

"मग ती पर्स उलटी कर या टेबलावर."

"का म्हणून?"

"लपवण्यासारखं काही नाही ना?"

"म्हणून काय कुणाच्याही पुढे उलटी करू?"

"मी दुसरं काय सांगतोय, धाकटे?"

असं बोलण्यात कोंडीत पकडलं की त्यांना फार आनंद व्हायचा. मला राग यायचा, कारण ते चुकत नसत आणि तरी त्यांचं ऐकून कुणाचं काही भलं होताना दिसत नसे. विजेचं बिल भरायला ते अजून रांगेत जायचे. रांगेत त्यांच्या पुढेमागे कुणी नसायचं, बाकीचे आम्ही घरी बसून फोनवर भरायचो. फोनही त्यांचा बटणांचा. तासन्‌तास बोलायला त्यांना फोन लागत नाही, ताई लागते. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्याशी अखंड बोलत आलेला आहे, आणि ताई काम करता करता अखंड ऐकत आलेली आहे.

ताई एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. काचेला एक गोल भोक आहे, त्यातून माणसं नाव, वय आणि कुठे दुखतंय ते सांगतात, ताई लिहून घेते. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या तापात तिला जड औषधं द्यावी लागली आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. खिडकीवरून उचलून तिला फायलींच्या खोलीत टाकलं. दोन वर्षं ती तिथे एकटी धूळ पुसत होती. घरी भावोजी तिच्याशी कागदावर बोलायचे. प्रयोगशाळेत जुन्या प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे पडले होते, दोन्ही कडांना भोकं असलेले, ते त्यांनी संपवले. हळूहळू ताई त्यांचे ओठ वाचायला शिकली. फक्त त्यांचे. माझे तिला कधीच वाचता आले नाहीत. म्हणायची, तू फार भराभर भांडतेस.

मग तिथल्याच कानाच्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया सुचवली. कानामागे कातडीखाली एक तुकडा बसवायचा आणि वरून चुंबकाने चिकटणारं लहानसं यंत्र लावायचं. यंत्र आवाज पकडतं, आतला तुकडा तो पुढे पोचवतो. भावोजींचा पहिला प्रश्न होता, "याचं सॉफ्टवेअर खुलं आहे का?"

"अहो, तुमच्या बायकोला ऐकू येणार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावोजी गप्प बसले. एका वाक्यात गप्प बसलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे सहा महिने डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून एकेका आवाजाची पातळी जुळवली, आणि खडखडाटातून हळूहळू माणसं वेगळी झाली. ताई परत खिडकीवर गेली. घरी भावोजी परत बोलायला लागले. दोन वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं.

आता घोडं कुठे पेंड खातं बघा. यंत्राची नोंदणी कंपनीच्या संकेतस्थळावर करायची होती, ती केली भावोजींनी. दवाखान्याच्या कागदांवर ताईचं खरं नाव, कारण तिथे समोर माणूस बसला होता. संकेतस्थळावर मात्र हात सवयीने चालला. एक भलतंच नाव, ताईपेक्षा नऊ वर्षांनी मोठी जन्मतारीख, दुसऱ्याच शहरातला पत्ता आणि महिन्याभरात बंद होणाऱ्या सिमकार्डाचा नंबर.

"अहो, कानाच्या बाबतीत तरी खरं लिहा," ताई म्हणाली होती.

"कानाच्याच बाबतीत लिहायचं नाही. तुझ्या कानावर काय पडतं ते कुणाच्या नावावर जमा होतंय, हे त्यांना कळता कामा नये."

ताकाला जायचं आणि भांडंही लपवायचं, दुसरं काय. पण चार वर्षं काही बिघडलं नाही. यंदा ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि ताईच्या फोनमधल्या यंत्राच्या ॲपवर निरोप आला. सर्व ग्राहकांनी तीस दिवसांत फोटोचं ओळखपत्र देऊन आपली ओळख पटवावी, नाहीतर यंत्र मूळ पातळीवर जाईल. मूळ पातळी म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सहा महिने बसून जुळवलेलं सगळं जाणार आणि पुन्हा नुसता खडखडाट. त्या पातळ्या परत जुळवता येणार नाहीत का? तर नाही, कारण त्यांचा संगणकही आधी पेशंटचं खातं मागतो. खातं पटलेलं नसेल तर यंत्राला हात लावू देत नाही.

मला हे कळलं त्या दिवशी मी भावोजींना नाही नाही ते बोलले.

आम्ही तिघं सेवा केंद्रात गेलो. काचेची इमारत, चौथा मजला, एकही खिडकी उघडणारी नव्हती. टोकनच्या यंत्राने मोबाइल नंबर मागितला. भावोजींचं बोट आपोआप खोट्या नंबराकडे निघालं, मी मनगट धरलं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. आवाज गोड, नजर पडद्यावर.

"खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांना यावं लागेल," ती म्हणाली.

"मीच ती," ताई म्हणाली.

"मग ओळखपत्र द्या."

ताईने दिलं. मुलीने नाव वाचलं, पडद्यावरचं वाचलं. "यावर दुसरंच नाव आहे."

"ते माझं खरं नाव."

"मग या कोण?"

"त्या कुणीच नाहीत," भावोजी म्हणाले. "त्या मी केल्या."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. मला राहवेना. "अहो, यंत्र हिच्या डोक्यावर आहे, तुकडा हिच्या कवटीत आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"मॅडम, तुकड्याचा नंबर त्या बाईंच्या खात्याला जोडलाय. त्यांनी सोडल्याशिवाय तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"देता येत नाही म्हणजे? तो तिच्या डोक्यातच आहे."

"सिस्टिम घेत नाही."

आमच्या शाळेच्या कार्यालयात मीही दिवसातून दहादा 'सिस्टिम घेत नाही' म्हणते. काउंटरच्या अलीकडे उभं राहून ते कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

मुलीने इकडेतिकडे शोधून एक मार्ग काढला. "मूळ मालक वारल्या असतील तर वारसांना यंत्र मोकळं करून मिळतं. मृत्यूचा दाखला लागेल."

"जी जन्मलीच नाही तिला मारू कशी?" भावोजी म्हणाले.

"जन्माचा दाखला नसेल तर शपथपत्र चालेल," मुलगी म्हणाली. बिचारी मनापासून मदत करत होती.

खाली येताना लिफ्टमध्ये ताई हसायला लागली. "म्हणजे माझा कान सवतीच्या नावावर आहे," ती म्हणाली. "कानामागून आली आणि तिखट झाली." मीही हसले. भावोजी हसले नाहीत. ते लिफ्टच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे होते आणि त्यांच्या मानेवर घाम होता.

तेव्हापासून घरात ती सवतच झाली. भावोजींनी कंपनीला अकरा पत्रं लिहिली, सगळी खरीखुरी, स्वतःच्या चुकीची कबुली देऊन. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, अशी अकरा उत्तरं आली. प्रत्येकात आधी 'प्रिय' आणि पुढे सवतीचं नाव. एका सकाळी ताईने विचारलं, "आज काय म्हणतात तिला?" तर भावोजींनी कप खाली ठेवला आणि दुसऱ्या खोलीत गेले.

मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंचावर जगभरातले सात-आठ जण होते, ज्यांनी असलंच यंत्र उघडून आपल्या पातळ्या आपणच लावल्या होत्या. कसं केलं ते पायरीपायरीने लिहून ठेवलेलं, कुणीही वाचावं असं. म्हणजे भावोजी आयुष्यभर जे सांगत आले तेच. त्यांनी केबल मागवली. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, भिंग, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध ताईचं यंत्र. सलग तीन दुपारी ते त्याच्यासमोर बसले. मी रजा टाकून आले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. सूचनांमध्ये एका ठिकाणी लिहिलं होतं, आकडा चुकला तर आतल्या तुकड्याला जादा प्रवाह जाऊ शकतो.

"उघडा तुम्ही," ताई म्हणाली. "मी बसते समोर. मला भीती नाही."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, टेकवला, परत खाली ठेवला. हजारो यंत्रं उघडलेला माणूस. "संगणक जळला तर दुसरा आणता येतो," ते मला म्हणाले. "हिचा कान जळला तर, धाकटे?" एवढी वर्षं मी या माणसाला टोमणे मारत आले. त्या दुपारी एकही सुचला नाही. त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम. तिसऱ्या दिवशी त्यांनी कापडाची घडी घातली आणि यंत्र ताईच्या कानामागे स्वतःच्या हाताने लावून दिलं.

तिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक वयस्कर गृहस्थ काचेच्या भोकातून आपलं नाव सांगत होते, आणि मध्येच त्यांचा आवाज गेला. यंत्र बंद पडलं नव्हतं. ताई म्हणते, डब्यात खडे घालून कुणी हलवावं तसं सगळं झालं. माणूस, पंखा, दार, सगळं सारखंच. तिने तीनदा नाव विचारलं. चौथ्यांदा त्या गृहस्थांनी चिडून कागदावर लिहून काचेला लावलं. मागे वीस माणसांची रांग होती. दुपारी अधीक्षकांनी तिला बोलावून पंधरा दिवसांची रजा दिली. पंधरा दिवसांत कान नीट झाला तर खिडकी, नाहीतर फायलींची खोली, आणि या वेळी कायमची. हे त्यांनी लिहूनच दिलं, त्यामुळे ऐकण्यात चूक व्हायचा प्रश्न नव्हता.

रजेच्या नवव्या दिवशी खातं उघडताना सवतीच्या नावाने केलेल्या मेलवर भेटीची एक वेळ आली. विशेष पडताळणी, व्हिडिओवर. अटी अशा, की संबंधित व्यक्ती खोलीत एकटी असावी, उत्तरं तिने स्वतः तोंडी द्यावीत, आणि प्रश्न लेखी मिळणार नाहीत, कारण लेखी उत्तर दुसराही कुणी देऊ शकतो.

"कान बंद पडलेल्या बाईला तोंडी प्रश्न," मी म्हणाले. "काय अकलेचे तारे तोडलेत."

भावोजींनी ते ताईला ओठांनी सांगितलं. ताई म्हणाली, "विचारणाऱ्याचं तोंड दिसलं तर थोडंफार निभावेन."

झोपायच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवला, ताई समोर बसली. आम्ही दोघं दाराबाहेर. ठरल्या वेळी पडद्यावर एक काळा चौकोन आला आणि त्यातून एका बाईचा आवाज. "नमस्कार. आमच्या कर्मचाऱ्यांची गोपनीयता जपण्यासाठी आमचा कॅमेरा बंद असतो. आपला कृपया चालू ठेवावा."

एरवी या नियमाला भावोजींनी टाळी दिली असती.

"आपण खोलीत एकट्या आहात का?" आवाजाने विचारलं.

ताई काळ्या चौकोनाकडे बघून हसली. ऐकू येत नसलं की ती जे कसनुसं हसते तसं. फायलींच्या खोलीतली दोन वर्षं ती सगळ्यांकडे बघून तशीच हसायची. आवाजाने पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाला, उत्तर मिळालं नाही तर पडताळणी अयशस्वी धरण्यात येईल.

भावोजींनी चपला काढल्या. भिंतीला धरून आत गेले, लॅपटॉपच्या मागे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे गुडघ्यांवर बसले, आणि प्रश्न ऐकून तो नुसत्या ओठांनी ताईला सांगायला लागले.

"हो, एकटी आहे," ताई म्हणाली. नियमात न बसणारं पहिलं उत्तर ते.

पूर्ण नाव, जन्मतारीख, शस्त्रक्रियेची तारीख, कुठल्या बाजूचा कान. आवाज विचारायचा, भावोजींचे ओठ हलायचे, ताई बोलायची. ऐकू येत नसलं की तिचा आवाज मोठा आणि सपाट होतो. प्रत्येक उत्तर मागच्या वेळचं खोटं पुसत चाललं होतं.

"खात्यात आधी दिलेली माहिती खोटी होती का?"

"होती."

"ती कुणी दिली?"

भावोजींनी तोही प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ताई थांबली. "माझ्या यजमानांनी."

"आपल्या संमतीशिवाय?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. खरं तर तिने तेव्हा 'अहो, खरं लिहा' एवढंच म्हटलं होतं, पुढे अडवलं नव्हतं. भावोजींनी प्रश्न सांगून झाल्यावर आणखी दोन शब्द जोडले. ते मलाही दाराआडून वाचता आले. हो म्हण.

"हो," ताई म्हणाली. "माझ्या संमतीशिवाय."

आवाज जरा मऊ झाला. म्हणाला, आता शेवटची बाब. नव्या खात्याच्या अटींप्रमाणे यंत्राने पकडलेले आवाज सेवा सुधारण्यासाठी कंपनीकडे पाठवले जातील व साठवले जातील. जुन्या खात्यात हे ऐच्छिक होतं, नव्यात नाही. आपली संमती आहे का?

भावोजी गुडघ्यांवर तसेच होते. त्यांनी मनात आणलं असतं तर काहीही सांगता आलं असतं, अगदी आजची तारीख विचारतायत म्हणूनसुद्धा. त्यांनी शब्द न् शब्द सांगितला. पाठवले जातील. साठवले जातील. मग ओठ मिटले आणि जमिनीकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी काय म्हणावं ते सुचवलं नाही.

ताईने त्यांनी मान वर करायची वाट पाहिली. ती वर होईना, तेव्हा म्हणाली, "आहे. माझी संमती आहे."

चाळीस मिनिटांनी पातळ्या परत आल्या. भावोजी टेबलाची कड धरून उठत होते.

"अहो, तुमचे गुडघे वाजतात," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

भावोजी हसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण बोलले नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, आता घरात मी लिहूनच बोलेन. ताईला थट्टा वाटली. आठवडा गेला, पंधरवडा गेला. ती खिडकीवर रुजू झाली, लोकांची नावं पहिल्या झटक्यात ऐकायला लागली, घरी येऊन दिवसभराचं सांगायला लागली, आणि समोरून कागद. एकदा त्यांनी लिहिलं, खिडकीवर लोक आपले आजार सांगतात, तेही तिकडे जातं, काचेवर तशी पाटी लाव.

"पाटी लावल्यावर मला खिडकीवर कोण ठेवेल?" ताईने विचारलं. "मग परत फायली पुसू?"

नको, असं त्यांनी लिहिलं. मग तो कागद फाडून टाकला. पाटी लागली नाही. ते बरोबर म्हणत होते हे तिला कळत होतं, आणि ती बरोबर म्हणत होती हे त्यांना. दोघंही अडकली होती आणि दार कुठल्याच बाजूला नव्हतं.

"नीट भांडतसुद्धा नाहीत गं," ताई मला म्हणाली. "मी बोलते, ते लिहितात. लिहीपर्यंत त्यांचा राग निवतो आणि माझा वाढतो. मी एवढं सगळं केलं ते काय त्या रांगेतल्या लोकांसाठी?"

मी जाऊन त्यांना धरलं. "भावोजी, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कंपनीला तुमचं बोलणं ऐकून काय करायचंय? नळ गळतोय, दूध संपलंय, एवढंच ना बोलता तुम्ही?"

माझा फोन टेबलावर होता, म्हणून मलाही कागदच मिळाला. तेवढंच माझं आहे, असं लिहिलं होतं.

मी चिडून निघून आले आणि तीन आठवडे तिकडे फिरकले नाही. मग माझंच मन खायला लागलं. एका संध्याकाळी कचेरीतून परस्पर गेले. घंटा दाबली, दार कुणी उघडेना. माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली असते. आत पाऊल टाकलं तर झोपायच्या खोलीचं दार लावलेलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला, आणि स्वयंपाकघरातून भावोजींचा आवाज. चांगला मोठा, भरभरून चाललेला. तंत्रशाळेत नवे प्राचार्य आलेत, त्यांनी तळघरातली खोली रंगवायला काढलीय, रंगारी संगणकांवर चादरी न टाकताच कामाला लागला, शिवाय नळाचा वायसर बदलला तरी तो गळतोच, आणि बाजूच्या दुकानदाराने त्यावरून काय सल्ला दिला. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

ताई समोर बसली होती, हनुवटीला हात लावून. कानामागे यंत्र नव्हतं, ते त्या बंद दाराआड होतं; बारीक कापलेल्या केसांचा गोल तेवढा दिसत होता. ती त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. मध्येच तिच्याकडून एखादं वाक्य सुटायचं, ती बोटाने टेबलावर टकटक करायची, आणि ते मागे जाऊन पुन्हा सांगायचे.

तेवढ्यात भावोजींनी मला पाहिलं. मग माझ्या हातातला फोन पाहिला, आणि शब्द अर्धा टाकून तोंड मिटलं. ओठ का थांबले ते बघायला ताईने मागे वळून पाहिलं.

"तू नंतर ये," ती त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली. "आत्ता ते बोलतायत."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले असते तर पुढचं सगळं मला ऐकू आलं असतं. मी उभी राहिले नाही.